हाकेवरून ओळख

ज्याची नोंद करायची, त्याचा शब्द आधी ऐकावा, हे आम्ही इतिहास शिकविताना विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. त्याचा एक उत्तम दाखला आम्हांस दक्षिण आफ्रिकेतील बेडकांविषयीच्या वाचनात सापडला.

तेथील कोरड्या प्रदेशांतील काही बेडूक वर्षाचा बराचसा काळ जमिनीखाली काढतात. जोरदार पाऊस पडला की ते वर येतात आणि अभ्यासकांना सर्वेक्षणासाठी मोजक्याच रात्री मिळतात. मातीत शिरण्याची रीत ही ओळखीची पहिली खूण. हेमिसस आपल्या टोकदार, कठीण नाकाने, डोके पुढे करून शिरतो. ब्रेव्हिसेप्स आणि टोमोप्टेर्ना मागच्या पायांनी माती उकरीत उलटे खाली जातात. टोमोप्टेर्नाच्या मागील पावलावर त्यासाठी फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. येथवर डोळे पुरतात.

पुढे मात्र ते अपुरे पडतात. टोमोप्टेर्ना क्रिप्टोटिस आणि टोमोप्टेर्ना टँडी शेजारी ठेवले, तरी रूपावरून निराळे सांगता येत नाहीत. पण टँडीची गुणसूत्रे दुप्पट असतात आणि त्याच्या नराची हाकही वेगळी असते. त्याला स्वतंत्र नाव मिळाले ते १९९६ साली. क्रुगर राष्ट्रीय उद्यानावरून नाव पडलेल्या क्रुगरेन्सिसचे वर्णन पासमोर आणि कॅरदर्स यांनी १९७५ साली केले. त्याची हाक लाकडावर टकटक करावी तशी. म्हणून जाणता सर्वेक्षक अंधारात उभा राहून ऐकतो, आवाज मुद्रित करतो, स्थळ व तारीख टिपतो आणि मगच नाव लिहितो. मादी अशी हाक घालीत नाही. तिची जनुकीय तपासणी होईपर्यंत नावाची जागा रिकामी ठेवणे, हीच खरी शिस्त.

आपल्याकडे मातीत पुरून राहणारे स्फेरोथेका बेडूकही एके काळी टोमोप्टेर्नातच गणले जात. पुरावे वाढले तशी वर्गवारी बदलली.

प्राणिशास्त्रात 'जाती' अशी पुराव्याने सिद्ध करावी लागते आणि पुरावा बदलला तर दुरुस्तही होते. त्या शास्त्राच्या लेखी मनुष्य ही एकच जाती. आपल्या समाजात मात्र मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच आडनाव ऐकून त्याच्यावर शिक्का बसतो. एका बेडकाला नाव देण्यापूर्वी अभ्यासक जेवढा थांबतो, तेवढेही आमच्या पिढीसाठी कोणी थांबले नाही. या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने समोरच्या माणसासाठी तेवढे अवश्य थांबावे.