मिसलाइक : काही टिपणे

मिसलाइक. हा शब्द छापलेला दिसला तर अनेकांना मुद्रणदोषच वाटेल. पण शब्द अस्सल इंग्रजी आहे आणि डिसलाइकपेक्षा कितीतरी जुना. अर्थ साधा, न आवडणे. क्रियापद म्हणून चालतो, नाम म्हणूनही.

*

जुन्या इंग्रजीत 'लीकिअन' म्हणजे रुचणे, 'मिसलीकिअन' म्हणजे न रुचणे. कर्ता माणूस नसे, न रुचणारी गोष्ट असे. 'मला कारलं आवडत नाही' याची घडण हुबेहूब हीच, कारलं कर्ता! पुढे इंग्रजीत माणूस कर्त्याच्या जागी येऊन बसला. मराठीने ती जागा त्याला अजून दिलेली नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

*

'किंग लिअर'च्या दुसऱ्या अंकात वेश पालटलेला केंट ऑस्वाल्डला शिव्या हासडतो. याने केलं तरी काय, असं कॉर्नवॉल विचारतो. केंट सांगतो, याचं तोंडच मला आवडत नाही. मूळ इंग्रजी वाक्यातही कर्ता तोंडच आहे.

*

डिसलाइक १६व्या शतकातला. लॅटिनकडून आलेला 'डिस' देशी 'लाइक'ला जोडला आणि त्याने जुन्या शब्दाला हळूहळू बाजूला सारलं.

*

'मर्चंट ऑफ व्हेनिस', छापील प्रत १६००ची. मोरोक्कोचा राजपुत्र पोर्शियाला मागणी घालायला येतो आणि त्याच्या तोंडून निघणारा पहिलाच शब्द मिसलाइक. माझ्या वर्णावरून मला नाकारू नका, अशी विनवणी. पोर्शिया त्याच्याशी गोड बोलते, पण तो यायच्या आधीच सखी नेरिसापाशी त्याच्या रंगावरून तिचं बोलून झालेलं असतं. नावडतीचं मीठ अळणी! तिला मागणी घालणाऱ्यांपुढे ठेवलेल्या पेट्यांतून तो सोन्याची निवडतो, हरतो, निघून जातो. या वर्णाच्या सगळ्यांनी अशीच निवड करावी, असं म्हणून ती सुटकेचा श्वास टाकते. राजपुत्राला पहिल्या वाक्यातच हे कळलं होतं, याचं फार वाईट वाटतं.

*

आजच्या ऑफिसच्या मेलमध्ये हा शब्द घालू नये, स्पेलिंग चुकलं असंच वाचणारा समजेल. जुन्या काळातल्या कादंबरीत शोभतो.

*

मराठीत आणताना 'द्वेष', 'तिरस्कार' नकोत, फार तापलेले शब्द. एरवी 'नावड' पुरे. राजपुत्राच्या तोंडी मात्र मी 'नापसंत' घालीन. मुलगी सावळी म्हणून आपल्याकडे निरोप येतो तो याच शब्दात.