मोगलाई लागून गेलीये का?

माझ्या मोबाइलमध्ये दोन हिटलर सेव्ह आहेत. 'हिटलर १' म्हणजे पहिल्या नोकरीतला बॉस आणि 'हिटलर २' म्हणजे पुण्यातली घरमालकीण. हसू नका, तुमच्याही फोनमध्ये एखादा असेलच! २०११मध्ये तर 'हिटलर दीदी' नावाची सीरियलच आली होती आणि लोक ती जेवता जेवता बघायचे.

तसा मराठीत या मालाला तोटा नाही. हुकूमशाही, दडपशाही, ठोकशाही, झोटिंगशाही... सोसायटीच्या सेक्रेटरीने पार्किंग बदललं की आपण 'नादिरशाही' म्हणून मोकळे होतो. ज्या नादिरशहाने १७३९मध्ये दिल्लीत कत्तल करवली, त्याचं नाव आपण एका स्कूटरच्या जागेसाठी खर्च करतो.

मीही त्यातलीच. दिवाळीत लातूरला घरी गेले होते. पुण्यातल्या मैत्रिणीला फोनवर माझं रडगाणं ऐकवत होते. "दहाच्या आत घरात, मित्र अलाउड नाहीत, गीझर साडेसातला ऑफ. मोगलाई लागून गेलीये का?" ती खूप हसली. म्हणाली, "माझा नवरा बघ, पगार स्वतःच्या अकाउंटला घेतो, दिवसातून चारदा व्हिडिओ कॉल. जरा पझेसिव्ह आहे, इतकंच. चल, ठेवते, हा आला."

आजी शेजारी लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली.

"सोडता येत नाही का गं तुला ते घर?"

"येतं की. महिन्याची नोटीस दिली की झालं."

"मग कसली मोगलाई?"

आजीला हा शब्द वाक्प्रचारातून कळलेला नाही. निजामाच्या मुलखाला पूर्वी मोगलाईच म्हणायचे. आजीचा जन्म तिथलाच, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. १९४८मध्ये ती दहा वर्षांची होती. कासीम रझवीच्या रझाकारांचे ते दिवस. गंमत म्हणजे 'रझाकार'चा मूळ अर्थ स्वयंसेवक! पण आजी अजूनही तो शब्द आवाज खाली आणून उच्चारते.

ती सांगत गेली. रात्री दिवा लावायचा नाही. पितळेची भांडी आडात सोडलेली. वडील रात्रभर माळवदावर जागत बसायचे. मग एके रात्री बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून गाडी जुंपली आणि सगळे हद्दीपलीकडे, बार्शीला. इतकं सांगितलं, पण 'जुलूम' हा शब्द एकदाही तिच्या तोंडी आला नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय लष्कर संस्थानात घुसलं आणि १७ला निजाम शरण आला. लष्कराच्या त्या मोहिमेचं नाव मात्र 'पोलीस ॲक्शन'. त्यानंतर सूड म्हणून असे कितीतरी मुसलमान मारले गेले, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. "आम्ही परत आलो तर शेजारचं घर रिकामं," आजी म्हणाली. "माझी मैत्रीण होती त्या घरात. पुन्हा दिसली नाही."

माझ्यातली जर्नालिस्ट जागी झाली. विचारलं, "आयुष्यात सगळ्यात जास्त भीती रझाकारांचीच वाटली असेल ना?"

आजी हसली. "त्यांची वरीसभर. आत्याबाईंची सव्वीस वर्षं."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. लग्नानंतर पहिली तीन वर्षं आजीला माहेरी धाडलंच नाही. आई गेली तेव्हा सुगी चालली होती, कामाला हात हवे होते. म्हणून आई गेल्याचं तिला आठ दिवसांनी सांगितलं. हे सांगताना तिची लसूण सोलणारी बोटं क्षणभर थांबली.

मी तिचाच प्रश्न तिला विचारला, "सोडता येत नव्हतं?"

"कुठं जाणार? तिथं काय बार्शी होती का?"

"मग ही मोगलाई नाही?"

"त्याला संसार म्हणतात बाई," असं म्हणून आजीने सालं गोळा केली आणि आत गेली.

रात्री मला झोप येईना. नियम कडक म्हणून मी घरमालकिणीला हिटलर करून टाकलं होतं. आणि जिथे खरंच कुणाचा तरी श्वास कोंडत असतो, तिथे आपण किती सॉफ्ट शब्द वापरतो! संसार. ॲडजस्टमेंट. पझेसिव्ह.

पुण्याला आल्यावर 'हिटलर २' डिलीट करून 'घरमालकीण' असं सेव्ह केलं. मग मैत्रिणीला तिच्या ऑफिसच्या वेळेत फोन लावला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेवटी विचारलंच, "तुला सोडता येतं का गं?"

पलीकडे बराच वेळ शांतता.

"उद्या भेटू या का?" ती हळूच म्हणाली. "पण तू फोन करू नकोस. मीच येते."