नार्व्याचा देव कुणाचा?

बेळगावहून निघालो. चोर्ला घाटातले गर्द रान उतरून, हरवळ्याचा धबधबा पाहून नार्व्याला पोहोचलो. श्री सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "नम्म देवरु!" १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविला, म्हणून आई म्हणाली, "आपलाच देव!" घरातला वाद गोव्यातही सोबत आला.

मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. भाविकांनी लिंग इकडे आणले. पुढे जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मठही १८३५ साली ओस पडला. तो पाहायला आम्ही फेरीबोटीकडे निघालो.

धक्क्यावर शेवाळ होते. कधी कानडी न बोलणाऱ्या आईने सासूबाईंचा हात धरला, "सावकाश बर्री!"

'सावकाश' दोन्हीकडे एकच आहे.