मूर्तीची पाठ

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला नवा छंद जडला म्हणजे घरच्या मंडळींना प्रथम त्याच्या प्रकृतीचीच शंका येते. तीन वर्षांपूर्वीं आम्ही संगणकावर मूर्ति घडविण्यास बसलों तेव्हां आमच्या घरींही तेंच झालें. शिवाय ज्या साधनानें हा उद्योग चालतो त्याचें नांव 'ब्लेंडर'. त्यामुळें आमच्या सौभाग्यवतींनीं कांहीं दिवस स्वयंपाकघराच्या ओट्यावर नव्या यंत्रासाठीं जागा करून ठेविली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कवितांचे गुणदोष वर्गांत सांगून पोट भरणाऱ्या मनुष्याला स्वतः कांहीं घडविण्याची हौस कां वाटावी, हा प्रश्न मात्र त्यांनीं विचारला नाहीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों.

या ब्लेंडरची कथा ऐकण्यासारखी आहे. टॉन रोझेंदाल नांवाच्या डच गृहस्थानें १९९४ सालीं त्याचा पाया घातला. पुढें त्याभोंवतीं जी कंपनी उभी राहिली ती भांडवलदारांनीं २००२ सालीं बंद केली. तेव्हां या गृहस्थानें लोकांपुढें झोळी पसरली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तें साधन सर्व जगाला मोकळें झालें. वर्गणी काढून गणपति बसविण्याची रीति आपल्याकडे जुनी आहे. पण वर्गणी काढून मूर्तिशाळाच विकत घ्यावी आणि ती येईल त्याला फुकट वापरूं द्यावी, हा प्रकार आम्हांला अपूर्व वाटला.

ज्यांनीं हें काम पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. पडद्यावर आरंभीं एक गोळा असतो. त्याचा पृष्ठभाग हजारों बारीक चौकटींच्या जाळीचा बनलेला असतो. मेजावर एक काळी पाटी आणि हातांत तिची लेखणी. लेखणी जितकी दाबावी तितकी गोळ्यावर माती चढते. एक कुंचला मातीच्या पट्ट्या थापतो, एक चिमटींत धरून ओढतो, एक सुरकुती पाडतो, एक सगळें गुळगुळीत करून टाकतो. ओढाताण फार झाली म्हणजे जाळी विरळ होते आणि ती सबंध नव्यानें विणून घ्यावी लागते.

या मातीला वजन नाहीं, ओल नाहीं, वास नाहीं. पेणच्या कारागिराच्या बोटांशीं शाडू सतत बोलत असते. येथें ती सुकली, येथें जास्त झाली, हें बोटांना आपोआप कळतें. आमच्या लेखणीला नाकाचा शेंडा आणि कानाची पाळी सारखींच लागतात. हात मेजावर, डोळा पडद्यावर, आणि दोहोंच्या मध्यें वीतभर हवा. त्यांत दोन कळा दाबल्या कीं केलेलें न केलेलें होतें. नवशिक्याला हें वरदान वाटतें. आमच्या मतें ती एक परीक्षा आहे. दगडाची कपची उडाली कीं शिल्पकाराचा एक निर्णय होऊन जातो. येथें कोणताच निर्णय आपोआप होत नाहीं. कोठें थांबावयाचें तें माती सांगत नाहीं, हात सांगत नाहीं. सगळा भार डोळ्यावर पडतो.

डोळ्याला वळण लागावें म्हणून रोज सकाळीं अर्धा तास आम्ही साध्या कागदावर पेन्सिलीनें रेखाटन करतों. मनुष्याचे डोळे मस्तकाच्या उंचीच्या सुमारें मध्यावर असतात, ही गोष्ट सांगितली तर पुष्कळांना खरी वाटत नाहीं. आपण सर्वजण चेहऱ्याशीं बोलतों, कवटीशीं नाहीं. त्यामुळें कपाळाच्या वर उरलेला भाग आपल्या हिशेबांत येत नाहीं. पेन्सिल तो हिशेबांत आणते. परंतु कागदावर एक सवलत असते: एक बाजू निवडली कीं बाकीच्या बाजूंविषयीं कोणी जाब विचारीत नाहीं. मूर्ति विचारते.

मूर्तीची पाठ हा विषय आपल्याकडे थोडा उपेक्षितच आहे. गणपतीची पाठ पाहूं नये, तेथें दारिद्र्य असतें, अशी समजूत आहे. आणि भिंतीला लावून ठेवावयाच्या मूर्तीची पाठ कारागीरही पुष्कळदां सपाटच सोडतो. अलिबागजवळ सासवणें येथें विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या घरींच त्यांच्या शिल्पांचें संग्रहालय आहे. पुण्यांतील शिवाजीमहाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा घडविणारे ते हेच. तेथें आम्ही पूर्वीं दोनदां गेलों होतों. छंद जडल्यानंतर तिसऱ्या खेपेस गेलों तेव्हां बहुतेक वेळ आम्ही शिल्पांच्या मागेंच उभे होतों. बरोबरच्या मंडळींना तें चमत्कारिक वाटलें. पण मानेचा खांद्याकडे जाणारा उतार समोरून शिकतां येत नाहीं, त्याला आमचा इलाज नाहीं.

गेल्या वर्षीं आम्हीं वडिलांचें मस्तक घडविण्यास घेतलें. अण्णांना जाऊन अकरा वर्षें झालीं. घरांत त्यांचीं चौदा छायाचित्रें निघालीं: लग्नांतलीं, निवृत्तीच्या समारंभांतलीं, ओळखपत्रावरचें एक. चौदाही समोरून. त्या पिढींत फोटो काढून घेणें म्हणजे सदऱ्याचें वरचें बटण लावून, ताठ बसून, फोटोग्राफराकडे पाहणें. त्या आधारानें तीन आठवड्यांत चेहरा बराच जमला. मग मूर्ति फिरविली, तों मागें नुसता गोळा. तेथें साक्ष द्यावयास चौदांपैकीं एकही चित्र पुढें येईना.

आणि आश्चर्य असें, कीं ती बाजू आम्हांला चेहऱ्यापेक्षां अधिक ठाऊक होती. सहाव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत आम्ही रोज सकाळीं अण्णांच्या सायकलीवर बसून शाळेंत गेलों. धाकटी बहीण पुढें दांडीवर, आम्ही मागें कॅरिअरवर. अण्णांचा चेहरा रस्त्याला. आमच्या वांट्याला मान. तिच्यावर दोन आडव्या घड्या होत्या. चढावर पॅडल मारतांना त्या उघडत आणि मिटत. वस्तऱ्यानें आंखलेल्या केसांच्या रेषेखालीं एक तीळ होता. आणि सदऱ्याच्या कॉलरच्या किंचित् वर मानेच्या मुळाशीं एक उंचवटा. तो सातव्या मणक्याचा, हें आम्हांला शरीररचनेच्या पुस्तकांत आतां वाचावयास मिळालें; त्याची आमची ओळख जवळजवळ पन्नास वर्षांची. पडद्यावर पाहणाऱ्याची जागा वाटेल तेथें नेतां येते. आम्हीं ती खालीं, कॅरिअरच्या उंचीवर नेली. मान एका रात्रींत झाली.

भाऊबीजेला बहीण आली. तिनें मूर्ति बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "दादा, अजून अण्णा झाले नाहींत हे. खालून दाखव बरं." आम्हीं मूर्ति वर उचलून धरावी तशी फिरविली. "हनुवटीखालीं, डाव्या अंगाला एक खळगा होता. तिथें वस्तरा पोंचायचा नाहीं, दोनतीन केस राहायचे. मी रोज मोजायची." आम्हांला हा खळगा ठाऊक नव्हता. कॅरिअरवरून तो दिसणें शक्यच नव्हतें. दांडीवर बसणाऱ्या मुलीनें मान वर केली कीं तिला तो दिसे. त्या संध्याकाळीं तिनें पडद्यावर बोट ठेवावें आणि आम्हीं लेखणी चालवावी, असें दोन तास चाललें होतें. आमच्या तिच्यांत इतका वेळ एकाच विषयावर बोलणें अलीकडे झालें नव्हतें.

संगणकावर अशी एक सोय असते कीं उजव्या गालावर केलेलें काम डाव्या गालावर आपोआप उमटावें. आरंभीं सर्वजण ती वापरतात. खळगा एकाच बाजूला आल्यामुळें ती बंद करावी लागली, आणि बंद होतांच दोन्ही कान सारख्या उंचीवर होते कीं नाहीं, हा प्रश्न उभा राहिला. छायाचित्रांत मान प्रत्येक वेळीं निराळी कललेली, निवाडा होईना. आईनें (ती आतां ब्याऐंशी वर्षांची आहे) मूर्तीकडे पाहून एवढेंच विचारलें, "चष्मा कुठें आहे यांचा?"

चष्मा अण्णांच्या टेबलाच्या खणांत होता. तो मातीसारखा थापून होत नाहीं. त्याची रीति सुताराची: मोजपट्टीनें मापें घ्यावयाचीं, कडा आणि कोन एकेक जुळवावयाचे. म्हणून आम्हीं तो मेजावर उघडून ठेविला, तर तो एका अंगाला कलंडला. डावी काडी उजवीपेक्षां खालीं वांकविलेली होती. कोणा चष्मेवाल्यानें ती ऊब देऊन अण्णांच्या कानाला बेतली असली पाहिजे. फरक मोजला, चार मिलिमीटर भरला.

डावा कान आम्हीं तितका खालीं घेतला आणि चष्मा चढविला. तो सरळ बसला. केसांचें काम अजून राहिलें आहे. बहिणीनें येत्या भाऊबीजेपर्यंतची मुदत दिली आहे.