झीलकरी

आमच्या टेबलावर बार्ड घ्यायला कुणीच तयार नव्हतं. योद्धा, जादूगार, चोर असे ऐटबाज क्लास आधीच वाटले गेले होते. मी उशिरा पोचलो म्हणून हा गाणाबजावणारा माझ्या गळ्यात पडला. आता चार वर्षं झाली, दुसरं काही खेळावंसं वाटत नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी काढला. एक जण गोष्ट सांगतो (डंजन मास्टर, आमच्यात नुसतं ‘मास्तर’), बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते बोलतात, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. क्लास म्हणजे तुमच्या पात्राचा धंदा. बार्ड त्यात १९७६ साली आला. १९७८च्या पुस्तकात तर तो शेवटी परिशिष्टात टाकलेला होता, आणि तो व्हायचं तर आधी योद्धा, मग चोर होऊन यावं लागायचं. एवढी उमेदवारी करून शेवटी गाणंच म्हणायचं!

आम्ही न्हावऱ्याला जमतो, मास्तरच्या शेतातल्या खोलीवर. बाकीचे शिरूरचे, मी दौंडचा. पाटसवरून चौफुला, तिथले लावणीच्या कलाकेंद्रांचे बोर्ड मागे टाकायचे, भीमा ओलांडली की तालुका बदलतो. पुढे ऊसच ऊस. वीस बाजूंचा फासा ऑनलाइन मागवला, सहाचा मात्र घरच्या लूडोतला आहे.

बार्डकडे एक मंत्र असतो, शत्रूला टोमणा मारायचा. टोमणा लागला तर २०१४च्या नियमात सुरुवातीच्या पातळीला एक ते चार नुकसान, आणि वर त्याचा पुढचा वार बिचकतो. इंग्रजीत हे करताना मी आधी ततपप करायचो. एकदा वैतागून एका ऑर्कला म्हणालो, “तुझ्यापेक्षा फडातलं पाचट बरं, पेटवलं तर पेटतं तरी.” मास्तर इतका हसला की फासा न टाकताच ऑर्कला चार नुकसान दिलं. त्या दिवसापासून आम्ही मराठीतच खेळतो.

पण बार्डची खरी गंमत वेगळी. त्याच्याकडे प्रेरणेचा फासा असतो, सहा बाजूंचा. साठ फुटांच्या आत, आपला आवाज ऐकू जाईल अशा सोबत्याला काहीतरी धीराचं बोलायचं आणि तो फासा द्यायचा. सोबती अडला की आपल्या आकड्यात तो मिळवतो. स्वतःला देता येत नाही. हे वाचलं तेव्हा मला पोवाड्यातले झीलकरी आठवले. शाहिराच्या मागे उभं राहून ‘जी जी’ ओढणारे. शाहिराला दम घ्यायला जागा देतात ती तीच माणसं, पण बॅनरवर फोटो एकट्या शाहिराचा.

माझे फासे बहुतेक आमच्या योद्ध्याला जायचे, आणि तो ते वापरायला विसरायचा. २०१४च्या नियमात दहा मिनिटांनी फासा वाया जातो. शिवाय तो निकाल कळायच्या आधीच टाकावा लागतो. “लका, मला वाटलं तसंच निघंल,” हे त्याचं ठरलेलं.

हा योद्धा एमपीएससी करतो. मागच्या वेळी त्याची पूर्व दीड मार्कानं गेली. तिसऱ्यांदा. दीड मार्क म्हणजे लूडोच्या फाशावर दोन. हे मी त्याला अर्थातच बोललो नाही. काहीच बोललो नाही खरं तर. मेसेज तीनदा टाइप केला आणि खोडला. टेबलावर ऑर्कच्या आईबापापर्यंत पोचणारा मी, मित्राला एक ओळ पाठवू शकलो नाही. आमच्यातला पगारदार मी एकटाच, त्यामुळे ‘होईल रे’ म्हटलं तरी ते वरून बोलल्यासारखं वाटायचं.

दोन आठवड्यांनी तो खेळायला आला. पाटसपासून मी वाक्यं जुळवत होतो. पोचल्यावर विचारलं ते एवढंच, “चहा ठेवू?”

तो म्हणाला, “आज नव्या नियमानं खेळू.” २०२४च्या पुस्तकात प्रेरणेचा फासा बदललाय. तो आता तासभर टिकतो, आणि आधी नाही, हुकल्यावर टाकायचा. त्यानं हे वाचून ठेवलं होतं, ज्यानं चार वर्षांत स्वतःचं कॅरेक्टर शीट धड वाचलं नव्हतं.

लढाई पुलावर होती. पलीकडे तटबंदी. मी लूडोचा फासा त्याच्या हातात दिला. बार्डच्या तोंडी काहीतरी झकास टाकायचं ठरवलं होतं, पण निघालं ते, “चढ बिनधास्त. मी हाय मागं.”

वीसच्या फाशावर नऊ पडले. मास्तर म्हणाला, “हुकलं.”

“थांब,” तो म्हणाला, आणि मूठ उघडली. फासा घरंगळत चहाच्या कपाला जाऊन टेकला. एक.

कुणी काही बोललं नाही. मग तोच आधी हसला. “अजून हायेत का?”

माझ्याकडे अजून दोन होते.