मैफलीतली मागची रांग

संध्याकाळी साडेसहाची मैफल असेल तर आमची पंचाईत होते. मगरिब पढून निघावे तर पोहोचेपर्यंत पहिला राग निम्मा संपलेला असतो. आधी निघावे तर नमाजसाठी कोपरा शोधत फिरावे लागते. म्हणून आम्ही मायलेकी शक्यतो सकाळच्या मैफली निवडतो. रविवारी फजरनंतर चहा घ्यायचा, दादीच्या गोळ्या काढून ठेवायच्या आणि लालबागहून बसने दादर गाठायचे, हे गेली काही वर्षे चालू आहे. पिशवीत हाताच्या पंजाएवढी शिवलेली वही, दोन मऊ पेन्सिली आणि एक काळे पेन असते. तारेच्या बांधणीची वही आम्ही एकदाच नेली. पान उलटताना झालेल्या आवाजाने पुढच्या तीन रांगा मागे वळल्या होत्या.

चित्र काढते ती लेक. आई पेन्सिली तासते, ऐकते आणि कोणी उठून आडवे आले की लेकीच्या वतीने रागावते. मात्र पानाच्या कोपऱ्यात तारीख, जागा आणि रागाचे नाव लिहायचे काम आईचे. राग ओळखता आला नाही तर शेजारच्यांना विचारायचे. मैफलीला आलेली माणसे राग सांगायला आनंदाने तयार असतात. कधी कधी दोन शेजारी दोन नावे सांगतात आणि मध्यंतरापर्यंत त्यांचा वाद चालतो.

बसायचे मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पुढे बसले तर गाणाऱ्याला हलती पेन्सिल दिसते आणि त्याचे लक्ष जाते. शिवाय मागून सगळे एकाच नजरेत येतात: गायक, तबलजी, पेटीवाला, मागचे दोन तानपुरे आणि ऐकणाऱ्यांची डोकी. नवशिक्याने सुरुवात तानपुऱ्यापासून करावी. तो धरणारा तासभर जवळजवळ एकाच जागी असतो. गायकाचे तसे नाही. त्याचा हात सतत फिरतो. पण थोडा वेळ नुसते पाहिले की कळते, हात त्याच त्याच वाटेने जातो आणि समेवर येतो तेव्हा बहुधा आधीच्याच ठिकाणी उतरतो. म्हणून एक ओळ ओढायची, थांबायचे, पुढच्या आवर्तनात दुसरी ओढायची. तबलजीची बोटे मात्र पकडता येत नाहीत. लेक एकावर एक तीन-चार हात काढते आणि ते तसेच ठेवते. खोडरबर आम्ही नेत नाही.

ही रीत काही आमची नाही. के. के. हेब्बर हे मुंबईतले मोठे चित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणारे. नाचणाऱ्या-वाजवणाऱ्यांची त्यांनी मोजक्या रेषांत काढलेली चित्रे 1964 साली ‘द सिंगिंग लाइन’ या नावाने पुस्तकरूपात आली. लय अंगात यावी म्हणून ते स्वतः कथ्थक शिकले होते. पंढरपूरला जन्मलेले आणि ग्रँट रोडच्या वस्तीत सिनेमाची पोस्टरे रंगवत वर आलेले मकबूल फिदा हुसेन तर भीमसेन जोशी गात असताना मंचावरच चित्र काढायला उभे राहिले होते. आता ‘अर्बन स्केचर्स’ नावाची चळवळ जगभर पसरली आहे. गॅब्रिएल कॅम्पनारिओ या पत्रकाराने 2007 साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ती सुरू केली. जे काढायचे ते जागेवर बसून, समोर पाहून काढायचे, एवढाच तिचा मुख्य नियम. मुंबईतही अशी मंडळी सुटीच्या दिवशी वह्या घेऊन फिरतात. काळा घोडा महोत्सवात ती हमखास भेटतात, पण तिथल्या गर्दीत आम्हांला बसायलाच काय, नीट उभे राहायलाही जागा मिळालेली नाही.

आम्हांला जास्त ओढ गिरगावची. चर्नी रोडला उतरून केळेवाडीत शिरले की मुंबई मराठी साहित्य संघाची इमारत येते. संघ 1935 सालचा. त्याच्या नाट्यगृहाला डॉ. भालेरावांचे नाव आहे. तिथून ऑपेरा हाउसच्या बाजूला गेले की लक्ष्मीबाग, जिथे जुन्या पिढीतल्या मोठमोठ्या गवयांनी गाऊन ठेवले आहे. प्रोफेसर देवधरांचे संगीत विद्यालयही याच परिसरातले. या रस्त्यांवरून चालताना आम्ही लेकीला नावे सांगत असतो. कोल्हापूर दरबारातून मुंबईत आलेले उस्ताद अल्लादिया खाँ इथे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांना शिकवत होते. 1946 साली त्यांचा इंतकाल मुंबईतच झाला. आणि गिरगावातून पायी पाऊण तासाच्या आत जिथे पोहोचता येते त्या भेंडीबाजारच्या नावाचे तर अख्खे घराणेच आहे. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ उत्तरेकडून येऊन तिथे राहिले म्हणून ते नाव पडले. आपल्यापैकी कितीजण भेंडीबाजारात ईदची खरेदी करायला जातात! हे किती जणांना माहीत आहे, कोण जाणे.

नझीर खाँसाहेबांच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर. राजा रविवर्म्याच्या काही चित्रांसाठी त्या मॉडेल म्हणून बसल्या होत्या. रविवर्म्याचा छापखानाही 1894 साली आधी गिरगावातच निघाला. म्हणजे गाणे आणि चित्र यांची गाठ या गल्ल्यांना नवीन नाही. लेकीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, ‘‘त्या गात असताना काढलेले एखादे चित्र आहे का?’’ आम्हांला तरी तसे कुठे पाहायला मिळालेले नाही.

एका सभागृहात शेजारच्या बाई आमचे बोलणे ऐकून, आईच्या बुरख्याकडे पाहून कौतुकाने म्हणाल्या, ‘‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’’ हे वाक्य वाचकांपैकी अनेकींनी ऐकले असेल. आम्ही म्हटले, ‘‘तुम्हीसुद्धा.’’ त्या क्षणभर गोंधळल्या, मग मनापासून हसल्या. तोवर लेकीने त्यांचा अंबाडा आणि त्यातला गजरा काढून ठेवला होता. उत्तरार्धात त्यांनी आपली पिशवी उचलून लेकीच्या वहीसाठी जागा करून दिली. आता त्या कुठे दिसल्या की आमच्यासाठी खुर्ची धरतात.

नाटक मात्र काढता येत नाही. दादरच्या शिवाजी मंदिरात दिवे गेले की आपलाच हात दिसत नाही. तिथे मध्यंतर काढायचे: बटाटेवड्याची रांग, तिकीट खिडकी, जिन्यावर बसलेले आजोबा. व्याख्यानाचेही तसेच. अमर हिंद मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेत वक्ता माईकमागे उभा असतो, त्याचा अर्धाच भाग दिसतो. लेक श्रोते काढते. गालावर हात ठेवलेले, टिपणे घेणारे आणि मान खाली घालून गाढ झोपलेले.

आता घरातली गोष्ट. दादीला हे चित्र काढणे पसंत नव्हते. फुले, इमारती, ताजमहाल, काहीही काढ म्हणायची. माणूस काढलेला दिसला की वही मिटून ठेवायची. ‘‘जीव घालता येणार आहे का तुला त्यात? मग तोंड कशाला काढतेस?’’ चित्राबद्दल आणि गाण्याबद्दलही आपल्याकडे उलेमांची वेगवेगळी मते आहेत, हे वाचकांना माहीत आहे. तो वाद सोडवण्याइतके आमचे इल्म नाही. पण घरात सत्तरी ओलांडलेली बाई नमाजच्या चटईवर बसून नातीसाठी काळजीने दुआ मागते, तेव्हा तिच्याशी हुज्जत घालावी असेही वाटत नाही. लेक चार-सहा महिने वही लपवून ठेवत होती. चोरून केलेल्या कामात रेष कशी घाबरते, ते त्या दिवसांतल्या पानांवर दिसते. सगळी चित्रे कोपऱ्यात, अंगठ्याएवढी.

मग तिनेच तोड काढली. चेहरे रिकामे सोडायचे. डोळे, नाक, ओठ काही नाही, फक्त मान, खांदे, हात. वही पुन्हा दादीसमोर उघडी ठेवायला लागली. दादी काही बोलली नाही, पण मिटलीही नाही. आम्हांला आधी वाटले, चित्रे अर्धवट राहतील. झाले वेगळेच. चेहऱ्याची सोय नाही म्हटल्यावर लेक हातांकडे नीट पाहू लागली. पेटीवाल्याचा भाता सरकवणारा पंजा, तार जुळवताना कानाकडे झुकलेली मान, यावरून माणूस ओळखू येऊ लागला. एका सारंगीवाल्यांना त्यांचे पान दाखवले तर त्यांनी नखाजवळचा घट्टा बरोबर आलाय म्हणून ते सोबतच्यांना दाखवले.

परळचा दामोदर हॉल या वह्यांत चार पानांवर आहे. 1922 पासूनचे हे नाट्यगृह. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातले. कामगारांची नाटके, कोकणातले नमन, शक्ती-तुऱ्याचे सामने इथेच व्हायचे. रात्रपाळी करून आलेली माणसे इथे बसायची. 2023 साली पुनर्विकासासाठी ते बंद झाले. तेव्हा ते जुने म्हणून काढावे असे आमच्या डोक्यातही नव्हते. समोर शाहीर होते म्हणून काढले. आता त्या पानांवर खुर्च्यांच्या पाठी आणि बाजूचा दरवाजा राहिला आहे.

लेकीचे दादा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. मूळचे बार्शीचे. अमर शेख (1916–1969) त्यांच्या गावचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक चालवले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने गिरणगावची मैदाने भरत. दादा तरुणपणी पाळी संपवून त्यांना ऐकायला जात आणि शेवटी, मागे उभे राहत. हे आम्हांला दादीकडून कळलेले. दादांचा घरात एकच फोटो आहे, गिरणीच्या ओळखपत्रावरचा, तोही कपाटात.

यंदा 1 मे रोजी घराजवळच एका मंडपात शाहिरी कार्यक्रम होता. लेकीने डफ वर धरलेला शाहीर दोन पानांवर पसरून काढला. घरी आल्यावर दादीने वही स्वतः मागितली. बराच वेळ पाहिली.

‘‘मागे माणसे नाहीत का?’’

‘‘होती, दादी. राहिली काढायची.’’

‘‘काढ की मग. शेवटी एक माणूस काढ. उंच. पाठमोरा चालेल.’’

‘‘पाठमोरा ओळखायचा कसा?’’

‘‘डावा खांदा जरा खाली ठेव. साच्यावर उभे राहून राहून तसा झाला होता.’’

लेकीने दोनदा काढला, दोन्ही वेळा खांदा चुकला. तिसऱ्या वेळी दादी चष्मा लावून तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.