मनगटावरचा काळ आणि त्याची किंमत

(१)
महागडे मनगटी घड्याळ विकत घ्यावे का? प्रश्न वरकरणी बाजाराचा वाटतो, आणि इतिहासाच्या धाग्यात तो कशाला, असे कोणी विचारील. परंतु वस्तूची किंमत हाही एक दस्तऐवजच असतो. कोणत्या काळी माणसांनी घड्याळासाठी किती पैसे मोजले आणि त्या बदल्यात त्यांच्या पदरात नेमके काय पडले, हे पाहत गेले की आजच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप उलगडते. मला घड्याळांचे वेड लहानपणापासून आहे. त्यामुळे हे लेखन तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. मात्र ते पुराव्याला धरून राहील.

(२)
आपल्याकडे वेळ ही फार काळ सामायिक वस्तू होती. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे सरली. अहोरात्रीच्या अशा ६० घटका. घटिकापात्रावर नजर ठेवणारा एक, आणि त्याच्या भरवशावर मांडवातले सारे वऱ्हाड. पुढे १८७८ साली मुंबईत राजाबाई टॉवर पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव लाभले. त्याची वेळ रस्त्याने जाणाऱ्या हमालालाही फुकट मिळे आणि शेठजींनाही. वेळ कळण्यासाठी घड्याळ स्वतःच्या मालकीचे असावे लागते, ही कल्पना त्या मानाने अलीकडची.

(३)
घड्याळाला अफाट किंमत आली ती समुद्रावर. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. गलबतावरची स्थानिक वेळ सूर्यावरून काढता येते. त्याच क्षणी मायदेशी किती वाजले आहेत हे ठाऊक असेल, तर दोहोंतील फरकावरून रेखांश मिळतो. पण घड्याळ एका मिनिटाने चुकले, तर विषुववृत्तापाशी गणित सुमारे २८ किलोमीटरने चुकते. १७०७ साली सिली बेटांजवळच्या खडकांवर आदळून चार ब्रिटिश युद्धनौका बुडाल्या आणि हजाराहून अधिक खलाशी प्राणांस मुकले. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने रेखांशाचे कोडे सोडवणाऱ्यास २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले.

(४)
जॉन हॅरिसन हा सुताराचा मुलगा. त्याने या एका प्रश्नापायी उभे आयुष्य वेचले. १७५९ साली पूर्ण झालेले त्याचे चौथे घड्याळ जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत अवघे ५ सेकंद मागे पडले. त्याची हुबेहूब प्रतिकृती लार्कम केंडॉल याने केली. तिला सुमारे ५०० पौंड पडले. कॅप्टन जेम्स कुक याने १७७२ ते १७७५ च्या आपल्या दुसऱ्या सफरीत ती बरोबर नेली आणि परतल्यावर तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. ते घड्याळ महाग होते, यात वाद नाही. ते घेण्याजोगे होते, यातही नाही. या पहिल्या पर्वात किंमत होती अचूकतेची, आणि अचूकतेवर प्राण अवलंबून होते.

(५)
घड्याळ मनगटावर आले ते मात्र दागिना म्हणून. नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने १८१० साली ब्रेगे या विख्यात कारागिराकडे मनगटी घड्याळाची मागणी नोंदवली होती. पुढे जवळजवळ शतकभर मनगटी घड्याळ म्हणजे बायकी प्रकार, असाच युरोपीय पुरुषांचा समज होता. त्यांची घड्याळे खिशात, साखळीला अडकवलेली असत. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांनी तो समज पुसून टाकला. तोफांचा मारा ठरल्या मिनिटाला सुरू होणार, ठरल्या मिनिटाला पुढे सरकणार; अशा वेळी एका हातात शस्त्र असताना खिसा चाचपणे परवडणारे नव्हते. युद्ध संपले, पट्टा मनगटावर राहिला. दुसऱ्या पर्वातील किंमत ही टिकाऊपणाची होती. घड्याळाने चिखल, पाणी, धक्के आणि अंधार सोसावेत, ही अपेक्षा.

(६)
याच पर्वात एक नवी वस्तू विकली जाऊ लागली: कथा. हान्स विल्सडॉर्फ यांच्या रोलेक्स कंपनीने १९२६ साली पाणी आत शिरू न देणारे ‘ऑयस्टर’ घड्याळ आणले. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश खाडी पोहून गेली. तिच्या पराक्रमावर शंका घेतली गेली, तेव्हा दोन आठवड्यांनी ती पुन्हा पाण्यात उतरली. ऑयस्टर तिच्या गळ्यात होते ते या दुसऱ्या खेपेस. पाणी कमालीचे गार होते. दहा तासांहून अधिक झुंजल्यावर तिला बाहेर काढावे लागले. खाडी पार झाली नाही, घड्याळ मात्र चालू राहिले. नोव्हेंबरात ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात झळकली. घड्याळाने आपली कसोटी खरोखर पार केली होती. पण खाडी पोहून जाणारी बाई आणि तिच्या अंगावरचे घड्याळ, हे लोकांच्या मनात ठसलेले एकसंध चित्र दोन निरनिराळ्या दिवसांतून जुळलेले आहे.

(७)
दुसरे उदाहरण एव्हरेस्टचे. १९५३ च्या मोहिमेला रोलेक्सनेही घड्याळे दिली होती आणि स्मिथ्स या इंग्रज कंपनीनेही. दोघींनीही आपल्या जाहिरातींत शिखराचा आधार घेतला. माथ्यावर आपण स्मिथ्सचे घड्याळ नेले होते, असे एडमंड हिलरी यांनी स्वतः सांगितले होते. आज एव्हरेस्ट म्हटले की घड्याळाच्या शौकिनांना आठवते ते रोलेक्स. बखर वाचताना आपण जे विचारतो, तेच जाहिरात वाचतानाही विचारावे: हे कोणी लिहिले, कोणाच्या पदरी असताना लिहिले आणि कशासाठी?

(८)
२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढले. विजेच्या प्रवाहाने स्फटिकाचा तुकडा ठरावीक गतीने थरथरतो आणि ती थरथर मोजून काटे पुढे सरकतात. चूक महिन्याला ५ सेकंदांच्या आतबाहेर. आज स्विस प्रमाणपत्र मिळवणाऱ्या उत्तम यांत्रिक घड्याळाला दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतकी सूट असते. म्हणजे त्याची एका दिवसाची चूक या घड्याळाच्या महिन्याच्या चुकीएवढी. अ‍ॅस्ट्रॉनची किंमत ४,५०,००० येन, त्या काळच्या एका छोट्या मोटारीएवढी होती. पण इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे भाव उतरतात तसे तेही झपाट्याने उतरले, आणि दोन शतके कारागिरांनी जिच्यासाठी डोळे झिजवले ती अचूकता फुटपाथवर मिळू लागली.

(९)
स्वित्झर्लंडमध्ये हाहाकार उडाला. १९७० च्या सुमारास तेथे घड्याळांच्या धंद्यात सुमारे ९०,००० माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास ती ३०,००० च्या आसपास उरली. या पडझडीतून दोन वाटा निघाल्या. एक स्वस्त, रंगीत, प्लास्टिकच्या ‘स्वॉच’ची, जी १९८३ साली बाजारात आली. दुसरी त्याच्या अगदी उलट. यांत्रिक घड्याळ वेळ दाखवण्यात हरले होते. म्हणून ते कला, वारसा आणि प्रतिष्ठा या नावांनी विकले जाऊ लागले. हे तिसरे पर्व. आपण ज्याला आज ‘लक्झरी घड्याळ’ म्हणतो ते या पराभवाचे अपत्य आहे.

(१०)
मग ही नुसती फसवणूकच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७५ च्या सुमारास झेनिथ कंपनीच्या तेव्हाच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक घड्याळांचे काम थांबवून अवजारे मोडीत काढण्याचा आदेश दिला. शार्ल व्हेर्मो या कारागिराने ‘एल प्रिमेरो’ या यंत्राचे साचे, अवजारे आणि कागदपत्रे कारखान्याच्या माळ्यावर गुपचूप लपवून ठेवली. १९८४ मध्ये त्यांच्याच आधारे ते यंत्र पुन्हा बनू लागले, आणि पुढे रोलेक्सनेही आपल्या ‘डेटोना’साठी तेच घेतले. हस्तलिखिते वाळवीपासून आणि रद्दीवाल्यापासून वाचवणाऱ्या माणसांची परंपरा आपल्याला परिचित आहे. व्हेर्मो त्याच पंक्तीतला. महाग घड्याळाच्या किमतीतला काही भाग अशा हातांना जातो, आणि तेवढा भाग मला रास्त वाटतो.

(११)
उरला गुंतवणुकीचा मुद्दा. २०१७ साली अभिनेते पॉल न्यूमन यांची डेटोना न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. नवी असताना तिच्या जातीच्या घड्याळाला काहीशे डॉलरच पडत. ही कथा ऐकून अनेकांचे डोळे दिपतात. पण इतिहासाचा विद्यार्थी विचारील, त्याच वर्षी विकल्या गेलेल्या इतर लाखो घड्याळांचे काय झाले? ती हरवली, गंजली, मोडीत गेली, आणि त्यांचा लिलाव झाला नाही म्हणून त्यांची बातमीही झाली नाही. जे टिकले तेवढेच पाहून सगळ्यांविषयी अनुमान काढू नये, हा आपल्या अभ्यासाचा पहिला धडा. २०२२ च्या आरंभी शिगेला पोहोचलेले जुन्या घड्याळांचे भाव पुढे चांगलेच घसरले, हेही ध्यानात ठेवावे.

(१२)
आता थोडे घरचे. माझा मामेभाऊ चोवीस वर्षांचा आहे; नोकरीला लागून वर्ष झालेले नाही. त्याने एक स्विस घड्याळ हेरून ठेवले आहे. किंमत त्याच्या सात महिन्यांच्या पगाराएवढी, आणि ती हप्त्यांनी फेडायची. मामीने मला फोन करून त्याला दोन शब्द सांगायला सांगितले. तो मात्र मला म्हणाला, “दादा, बैठकीत समोरचा माणूस आधी मनगट बघतो. तुला नाही कळायचं ते.” त्याचे बोलणे मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. गावाकडून शहरात आलेल्या मुलाला आपण कोणापेक्षा कमी नाही हे दाखवावेसे वाटते. ही भूक खरी आहे, आणि घड्याळ विकणाऱ्यांना ती आपल्याहून अधिक चांगली ठाऊक आहे.

(१३)
मी त्याला माझ्या वडिलांचे घड्याळ दाखवले नाही. ते त्याने शंभरदा पाहिलेले आहे. एचएमटीचे ‘जनता’, चावीचे. सरकारी मालकीच्या एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. २०१६ मध्ये सरकारने तो व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. वडिलांनी ते घड्याळ रोख पैसे देऊन घेतले आणि तीस वर्षे रोज सकाळी चहाआधी त्याला चावी दिली. आज ते माझ्याकडे आहे. बाजारात त्याला फारसा भाव नाही. तरी घरात कोणीही ते विकू देणार नाही. त्याची कथा कोणत्याही जाहिरातदाराने लिहिली नाही. ती तीस वर्षांच्या वापराने लिहिली गेली.

(१४)
भावाला मी तीन प्रश्न लिहून पाठवले, तेच येथे देतो. जाहिरातीतली कथा वजा केल्यावरही ते यंत्र तुला आवडते का? दर काही वर्षांनी त्याची उघडझाप करून तेलपाणी करण्याचा खर्च तू आनंदाने सोसशील का? आणि ते उद्या हरवले, तर दुःख वस्तूचे होईल की उरलेल्या हप्त्यांचे? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील आणि पैसे गाठीला असतील, तर खुशाल घ्यावे. सुंदर वस्तूवर प्रेम करणे हा गुन्हा नव्हे. पण कर्ज काढून घेऊ नये. त्याने अजून उत्तर दिलेले नाही, आणि निर्णय त्याचाच आहे.

(१५)
कुकने विकत न घेता सरकारकडून मिळवलेले ते घड्याळ आज इंग्लंडच्या संग्रहात आहे. त्याचे मोल ठरते ते त्याने दाखवलेल्या वाटेवरून. घड्याळाला वारसा आपोआप चिकटून येत नाही. तो वापरणाऱ्याला घडवावा लागतो, आणि त्यासाठी काही लाखांचे घड्याळ लागतेच असे इतिहासाने तरी कधी म्हटलेले नाही.